आवाज कुठे घेणार? अनेक भाषांच्या सिनेमात काम करणाऱ्या नटाची तयारी

परभाषेतल्या सिनेमाचा फोन आला की नट आधी भूमिका विचारतो, मग दिवस, मग पैसे. खरं तर पहिला प्रश्न असायला हवा तो आवाजाचा. संवाद सेटवरच कायमचे रेकॉर्ड होणार की नंतर स्टुडिओत डब होणार? आणि डब होणार असतील तर कोणाच्या तोंडून? पाठांतर किती पक्कं हवं, प्रॉम्प्टिंग मिळेल का, उच्चारांवर किती मेहनत घ्यायची, इतकंच काय, शेवटचा हप्ता कधी मागायचा, हे सगळं या एका उत्तरावर ठरतं. ‘तिकडची अभिनयाची शैली वेगळी असते’ असं सरसकट म्हटलं जातं. शैलीत फरक असतोच, पण नवख्या नटाची फजिती त्यामुळे क्वचित होते. फजिती होते ती आवाज, तारखा आणि हिशेब मोजायच्या पद्धती वेगळ्या असतात म्हणून.

बडोद्याच्या मराठी नटाला हा विषय इतरांपेक्षा लवकर भेटतो. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यात वाढलेल्या मुलाच्या घरात मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत बहुधा इंग्रजी. १८८६ साली सयाजीरावांच्या काळात गायनशाळा म्हणून सुरू झालेलं सुरसागरजवळचं म्युझिक कॉलेज आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी आहे, आणि नाट्यविभाग तिथेच आहे. अहमदाबाद शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, मुंबई चारशेच्या आसपास. म्हणजे गुजराती, मराठी आणि हिंदी ही तीन दारं घरातूनच उघडतात. तेलुगू-तमिळची दारं हल्ली सेल्फ टेपमधून, म्हणजे घरी स्वतः रेकॉर्ड करून पाठवलेल्या ऑडिशनमधून उघडतात.

नट एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाणं ही काही नवी गोष्ट नाही. १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत चित्रित केला होता. सयाजी शिंदे २००० साली तमिळ ‘भारती’त कवी सुब्रह्मण्य भारती झाले. ग्वाल्हेरला जन्मलेले शरद केळकर मराठी, हिंदी, तेलुगू, तमिळ अशा सगळीकडे पडद्यावर दिसतात, शिवाय हिंदी ‘बाहुबली’त प्रभासच्या तोंडी आवाज त्यांचाच आहे. चेहरा एका भाषेत आणि आवाज दुसऱ्या भाषेत विकता येतो, हे त्यांच्या कामावरून दिसतं.

आता आवाजाच्या दोन पद्धती. पहिली सिंक साउंड: सेटवर बूम (लांब दांड्यावरचा माइक) आणि कपड्यांत लपवलेला छोटा लेपल माइक जे पकडतो तेच शेवटपर्यंत राहतं. हिंदीत २००१ च्या ‘लगान’नंतर ही पद्धत पुन्हा रुळली. मराठीत आणि आजच्या मल्याळममध्येही ती बरीच वापरली जाते. दुसरी पायलट ट्रॅकची: सेटवरचा आवाज केवळ खुणेपुरता असतो आणि नंतर सगळे संवाद स्टुडिओत पुन्हा बोलले जातात. तेलुगू आणि तमिळमध्ये अजूनही मोठं काम असंच चालतं. दोन्हीकडे अपवाद आहेत, म्हणून भाषेवरून अंदाज बांधू नये. त्या विशिष्ट सिनेमाच्या डिरेक्शन टीमला विचारावं.

सिंक साउंड असेल तर चूक लपवायला जागाच नाही. संवाद पाठ हवा, उच्चार त्याच क्षणी बरोबर हवा, आणि वाक्य चालू असताना बाहेरून कोणी शब्द पुरवू शकत नाही, कारण तोही ट्रॅकवर जातो. कडक इस्त्रीचा खादीचा कुडता, नायलॉन, काचेच्या बांगड्या हे सगळं माइकला ऐकू जातं. कॉश्च्युम ट्रायलच्या वेळीच हात हलवून पाहावा; शूटिंगच्या दिवशी साउंडवाल्यांनी सांगेपर्यंत थांबलात तर छातीवर टेप चिकटवण्यात पंधरा मिनिटं जातात आणि रोष नटावर येतो. एखाद्या वाक्याची खात्री नसेल तर शॉट झाल्यावर साउंड रेकॉर्डिस्टला ‘वाइल्ड’ घ्यायला सांगावं. म्हणजे कॅमेरा बंद, तीच जागा, तोच माइक, आणि ते वाक्य तीन-चार वेळा स्वच्छ बोलायचं. एडिटिंगच्या टेबलावर अशा वाइल्डने अनेक नटांचे आवाज वाचवले आहेत. मागायला लाजू नये.

पायलट ट्रॅक असेल तर वेगळाच मोह होतो. नंतर डब होणारच आहे, मग आत्ता एक-दोन-तीन-चार म्हणा! ही ‘नंबर’ म्हणण्याची पळवाट जुनी आहे आणि वाईट आहे. प, फ, ब, भ, म उच्चारताना ओठ पूर्ण मिटतात. नटाने ‘तीन’ म्हटलं आणि मूळ शब्द ‘अम्मा’ असेल, तर डबिंगवाला कितीही कसबी असो, मिटायला हवे ते ओठ उघडेच राहिले हे क्लोजअपमध्ये दिसतं. ओठांपेक्षा मोठं नुकसान डोळ्यांत होतं. राग कुठल्या शब्दावर चढायचा हे नटाला ठाऊकच नसतं, त्यामुळे चेहरा वाक्यभर एकाच पट्टीत राहतो.

मग अनोळखी भाषेतला संवाद पाठ करायचा कसा? कामाला येणारी रीत अशी. डिरेक्शन टीमकडून संवाद निदान आठ-दहा दिवस आधी मागावेत. प्रत्येक वाक्यासाठी एकाखाली एक अशा चार ओळींचा कागद करावा: मूळ लिपी, देवनागरीत उच्चार, शब्दाखाली शब्द अर्थ, आणि मग मोकळ्या मराठीत भाव. मूळ लिपी आपल्याला वाचता येत नसली तरी ठेवायचीच, कारण सेटवर असिस्टंटने एखादा शब्द बदलला तर तो नेमका कुठला हे त्याला त्या ओळीवर बोट ठेवून दाखवता येतं. सगळ्यात जास्त वगळली जाते ती तिसरी ओळ, आणि सगळ्यात जास्त उपयोगाची तीच असते.

एक वाक्य जवळून पाहू. मराठीत ‘मीच केलं.’ सगळा जोर ‘च’वर. गुजरातीत ‘में ज कर्युं’, जोर ‘ज’वर. तेलुगूत ‘नेने चेशानु’: ‘नेनु’ म्हणजे मी, त्याचं ‘नेने’ झालं की मीच, म्हणजे जोर दुसऱ्या ‘ने’वर. बोली तमिळमध्ये ‘नांदान् सेंजेन्’: ‘दान्’ हा आपला ‘च’, आणि ‘सेंजेन्’मधला पहिला ए ऱ्हस्व, दुसरा दीर्घ, शेवटचा न् पुरता उच्चारायचा नाही, नाकात सोडून द्यायचा. तिसरी ओळ लिहिली नसेल तर नट सवयीने ‘सेंजेन्’वर जोर देतो आणि कबुलीचं वाक्य निव्वळ माहिती होऊन बसतं. समोरचा तमिळ प्रेक्षक याला उच्चाराची चूक म्हणत नाही, ‘अभिनय जमला नाही’ म्हणतो. मराठी माणसाची एक सोय मात्र आहे. तेलुगू, तमिळ, कन्नडमध्ये क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे श्वास घ्यायच्या जागा बऱ्याचदा जुळतात.

उच्चारांसाठी संवाद रेकॉर्ड करून मागावेत, पण सपाट आवाजात: एकदा सावकाश, एकदा बोलण्याच्या वेगाने. असिस्टंटने हौसेने अभिनय करून पाठवलं तर नट त्याची चाल उचलतो आणि शूटिंगला दुसऱ्याच्या सुरातला पोपट हजर होतो. भाषांतराच्या ॲपवरून संवाद तपासू नयेत, विशेषतः तमिळचे. लिहिण्याची तमिळ आणि बोलण्याची तमिळ यांत बरंच अंतर आहे. ॲप ग्रंथातली भाषा देतं, आणि चहाच्या टपरीवरचं पात्र पाठ्यपुस्तक वाचल्यासारखं बोलू लागतं.

देवनागरीत लिहितानाही सापळे आहेत. तमिळ लिपीत प आणि ब, त आणि द, क आणि ग यांना एकच अक्षर आहे. अक्षरशः उतरवलं तर ‘तम्पि’ होतं, उच्चार मात्र ‘तंबि’. म्हणून कागदावर ऐकू येतं ते लिहायचं. ऱ्हस्व ए-ओ आणि दीर्घ ए-ओ दक्षिणेत वेगळे आहेत, आपल्या रोजच्या देवनागरीत ती सोय नाही. दीर्घ असेल तिथे अक्षराखाली रेघ मारावी. तमिळ-मल्याळममधला ऴ इंग्रजीत ‘झेडएच’ असा लिहितात आणि आपण तो झ वाचतो. मराठी वर्तमानपत्रांनी ‘कोझिकोड’ याच वाटेने रूढ केलंय. जीभ मागे वळवायची पण टाळूला टेकवायची नाही, की तो ऴ. जमेपर्यंत आपला ळ चालवून घ्यावा, अनेक तमिळ भाषक स्वतः तेच करतात. झ मात्र चालत नाही. तेलुगूत वेगळीच खोड. ‘इल्लु’ म्हणजे घर, ‘पालु’ म्हणजे दूध; शेवटचा उ ऱ्हस्व, निसटता. मराठीत शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घच होतात, त्यामुळे आपण ‘इल्लू’, ‘पालू’ म्हणतो आणि प्रत्येक शब्दाची शेपटी लांब होते. एका वाक्यात असे तीन शब्द आले की ‘हा बाहेरचा’ हे कळलंच.

बडोदेकरांनी खरी काळजी घ्यावी ती ओळखीच्या भाषांत, कारण तिथे आपल्याला येतं असं वाटतं. घरात मराठी बोलणारा गुजरातीत ‘चोपडी’चा च कधीकधी ‘चांगला’तल्या चसारखा दातांजवळून काढतो. गुजरातीत तो तालव्यच हवा. ‘बहेन’, ‘शहेर’ या शब्दांत ह वेगळा न काढता स्वरच हवेशीर करायचा असतो. आपण दोन स्पष्ट तुकडे करतो. शिवाय शहरी गुजराती एक आणि गावची दुसरी. उत्तर गुजरातच्या पात्राच्या तोंडी ‘केम’चं ‘चम’ येऊ शकतं, ‘सारुं’चं ‘हारुं’ होऊ शकतं. हे स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं असेलच असं नाही, विचारून घ्यावं लागतं. उलट बाजूने, गुजराती किंवा इंग्रजी शाळेत शिकलेल्या बडोद्याच्या मुलांचं मराठी पुण्या-मुंबईच्या सेटवर सापडतं ते नेमकं च-ज-झवर. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतले दोन झ वेगळे आहेत. ‘जग’चा ज ‘जेवण’च्या जसारखा नाही. रोज दहा मिनिटं मराठी मजकूर मोठ्याने वाचायचा, असे शब्द खुणेने वेगळे करायचे, आणि मराठी नाटकाच्या तालमीत जे कान पकडतात त्यांच्यासमोर वाचायचं. चुकलं की टोकणारी काकू प्रत्येक मंडळात एक असतेच.

पाठांतराचं माप असं धरा: अनोळखी भाषेतलं संवादांचं एक भरगच्च पान तीन दिवसांत तोंडी बसतं, पण ते बसून पाठ करू नये. चालताना, भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना म्हणावं. शेवटच्या दिवशी दुप्पट वेगाने म्हणावं. दुप्पट वेगात जिथे जीभ अडखळते तिथेच ती सेटवर अडखळणार, तेवढा तुकडा वेगळा काढून घोटायचा. समोरच्या पात्राच्या वाक्याचा पूर्ण अर्थ हवा आणि शेवटचे तीन-चार उच्चार कानात हवेत. नुसता क्यू, म्हणजे ते शेवटचे उच्चार, पाठ असेल तर ऐन शॉटमध्ये समोरच्या नटाने दोन शब्द गाळले की आपण गप्प.

एवढं करूनही सकाळी संवाद बदलतात. तेव्हा, पायलट ट्रॅक असेल तर, प्रॉम्प्टर येतो. असिस्टंट लेन्सच्या अगदी बाजूला, समोरच्या पात्राच्या नजरेच्या रेषेत उभा राहून चार-सहा अक्षरांचे तुकडे सपाट आवाजात देतो आणि नट मागून बोलतो. तो चुकीच्या बाजूला उभा राहिला तर नटाचा डोळा किंचित तिकडे सरकतो आणि पडद्यावर ते चोरटं दिसतं. दुसरा दोष म्हणजे वाट पाहणारा चेहरा: नट बोलत नसतो, ऐकत असतो, आणि पात्र मध्येच रिकामं होतं. उपाय म्हणून पूर्ण वाक्याऐवजी फक्त पहिला शब्द मागावा. लांब वाक्य असेल तर दिग्दर्शकाला ते दोन शॉटमध्ये तोडता येईल का विचारावं. बहुतेक जण हो म्हणतात, कारण वीस टेकपेक्षा ते स्वस्त पडतं.

एकच सिनेमा दोन भाषांत एकदम चित्रित होतो तेव्हा प्रकाशयोजना तीच ठेवून आधी एका भाषेचा शॉट, लगेच दुसरीचा, असं चालतं. पहिल्या टेकमधला ताजेपणा दुसऱ्या भाषेच्या वाट्याला येत नाही. अवघड भाषा आधी घ्या असं सुचवावं. सोप्या भाषेत थकलेला नटही निभावून नेतो.

डबिंगच्या खोलीतलं गणित बारीक आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो, म्हणजे एक फ्रेम सुमारे ४२ मिलिसेकंदांची. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तर खटकायला लागतो, मागे पडला तर सुमारे १२५ पर्यंत लक्षात येत नाही. साध्या शब्दांत, एका फ्रेमपेक्षा जास्त लवकर बोललात तर पकडले जाल, दोन-तीन फ्रेम उशीर झाला तर खपून जातं. नवे नट घाईने आधीच तोंड उघडतात. हेडफोनचा एक कान उघडा ठेवावा, म्हणजे स्वतःचा खरा आवाज ऐकू येतो. माइकपासून वीतभर अंतर क्लोजअपसाठी ठीक, पण लांबचा शॉट असेल तर दोन पावलं मागे जाऊन, प्रत्यक्षात जितक्या अंतरावर हाक मारली असती तितकी ताकद लावून बोलावं. नाहीतर पन्नास फुटांवरचं पात्र कानात कुजबुजतं. शब्द संपले की काम संपलं असं नाही. धाप, हुंकार, आवंढा, उसासा हे सगळं वेगळं द्यावं लागतं, आणि नेमकं ते राहिलं की पडद्यावर शरीर एकाचं आणि आवाज दुसऱ्याचा वाटतो.

सेल्फ टेपबद्दल थोडक्यात. मोबाइल आडवा, पार्श्वभूमी कोरी, कंबरेच्या वरची फ्रेम, नजर लेन्सच्या किंचित बाजूला. समोरून वाचणाऱ्याने माइकपासून दूर, हळू वाचावं. सुरुवातीला नाव, उंची, गाव, येणाऱ्या भाषा आणि मोकळ्या तारखा. ‘तेलुगू येतं’ असं खोटं सांगू नये. ‘येत नाही, आठ दिवसांत संवाद पाठ करून देतो’ हे वाक्य चालतं. ऑडिशनसाठी पैसे मागितले तर तो व्यवहार तिथेच संपवावा.

तारखांमध्ये शब्द फसवतात. मुंबईत कॉल शीट म्हणजे उद्याच्या शूटिंगचा कागद. चेन्नईकडे ‘कॉलशीट’ म्हणजे नटाने दिलेला वेळ, आणि मोबदलाही कधीकधी त्यावर मोजतात. एक कॉलशीट किती तासांचं, दिवसात दीड झालं तर काय, प्रवासाचा दिवस धरणार का, हे आधी विचारा. दैनिक भत्त्याला तिकडे बत्ता म्हणतात. नटाबरोबर मेकअपवाला असेल तर त्याचा बत्ता कोण देणार, तेही. अनेक पात्रं एकत्र असलेल्या कॉम्बिनेशनच्या तारखा सर्वांत कडक असतात, त्या हलत नाहीत. पण दोन सिनेमे एकदम करणाऱ्याला तारखांपेक्षा दाढी अडवते. तेलुगूतल्या खलनायकाला दाट दाढी हवी आणि मधल्या आठवड्यात गुजराती सिनेमातला गुळगुळीत जावई, तर कुठलंही वेळापत्रक कामाचं नाही. नकली दाढी क्लोजअपमध्ये कडांवर उघडी पडते. दोन्हीकडच्या लुकचे फोटो करारापूर्वी एकमेकांना दाखवावेत.

करारात आवाजाचं कलम स्वतंत्र मागावं: मूळ भाषेत आवाज कोणाचा, हिंदी-मराठी-गुजराती आवृत्तीत स्वतः डब करण्याचा पहिला हक्क नटाला आहे का, त्याचे वेगळे पैसे किती, आणि यंत्राने तयार केलेला त्याच्या आवाजासारखा आवाज वापरायला परवानगी आहे की नाही. हे मोघम राहिलं की ‘सर्व हक्क निर्मात्याकडे’ या एका ओळीत सगळं जातं. शेवटचा हप्ता डबिंगच्या आधी असं लिहून घ्यायची पद्धत चांगली, पण ती तेव्हाच कामाची जेव्हा डबिंग नट स्वतः करणार असतो. दुसऱ्याचा आवाज लागणार असेल तर निर्मात्याला नटाची गरज शूटिंगच्या शेवटच्या दिवशीच संपते, म्हणून हप्ता त्या दिवसाला बांधावा.

पैसे हातात येताना निर्माता १० टक्के टीडीएस कापतो. पॅन दिला नसेल तर २० टक्के. वेगवेगळ्या राज्यांतल्या पाच निर्मात्यांनी कापलेला कर सरकारजमा झालाय का, हे वर्षअखेरीला आयकर खात्याच्या पोर्टलवर, फॉर्म २६ एएस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या करविवरणात पाहावं, एखादा तरी सापडत नाहीच. दुसऱ्या राज्यात काम केलं की लगेच जीएसटी नोंदणी लागते ही समजूत चुकीची आहे. सेवांसाठी वर्षाला २० लाखांची मर्यादा आहे आणि परराज्यातल्या कामालाही तीच लागू होते. ती ओलांडली, गुजरातेत नोंदणी झाली आणि नोंदणीकृत निर्माता हैदराबादचा असेल, तर बिलावर १८ टक्के आयजीएसटी (आंतरराज्य जीएसटी) लावायचा. अहमदाबादचा असेल तर नऊ-नऊ टक्के केंद्र आणि राज्याचा. बोलणी करतानाच ‘रक्कम अधिक जीएसटी’ असं लिहून घ्यावं, नाहीतर तो अठरा टक्के कर ठरलेल्या रकमेतूनच जातो.